वाक्याचा धनी कोण?



केळशीच्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या महिन्यात आखातातून मोबाईलवर इंग्रजी अर्ज पाठवला. "सर, एकदा नजर टाका." तीन महिने पगार नाही, घरी अब्बांचे औषधपाणी आणि बहिणीची फी अडलेली. अर्जाची सुरुवात अशी : "नॉन-रिसीट ऑफ सॅलरी इज बीइंग फेस्ड बाय द अंडरसाइन्ड सिन्स थ्री मन्थ्स." म्हणजे 'न मिळणे' हाच वाक्याचा कर्ता! ज्याचे पोट अडले, तो माणूस पार मागे.

ही सवय येते कुठून? आपण मराठीत "पगार मिळाला नाही" म्हणतो, उर्दूत "तनख्वाह नहीं मिली". कोणाला, ते ऐकणाऱ्याला आपोआप कळते. "मला भूक लागली", "मुझे भूख लगी" यांत कर्ता भूक आहे. इंग्रजीत मात्र माणूस पुढे येतो : "आय अ‍ॅम हंग्री." आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय त्या भाषेत फारसे उरलेले नाहीत, कोण काय करतो, ते शब्दाच्या जागेवरून कळते. म्हणून कर्ता आधी, थोडक्यात. क्रियापद लगेच त्याच्या पाठोपाठ.

आम्ही सुचवले : "द कंपनी हॅज नॉट पेड मी फॉर थ्री मन्थ्स." तो कचरला. "सर, साहेब चिडले तर?" शंका रास्त होती, नोकरी त्याची होती, आमची नव्हे. मग कर्ता बदलला : "आय हॅव नॉट रिसीव्ह्ड माय सॅलरी फॉर थ्री मन्थ्स. माय फॅमिली डिपेंड्स ऑन इट. प्लीज टेल मी व्हेन यू विल पे इट." आरोप नाही, पण आडपडदाही नाही.

कर्मणी प्रयोग सरसकट वाईट नव्हे. "माय पासपोर्ट वॉज स्टोलन" हे बरोबरच आहे. चोर ठाऊक नाही आणि सांगायचे आहे पासपोर्टबद्दल.

घरी मुलांना एवढी सवय लावा. अर्ज लिहून झाला की प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि विचारायचे, "हे कोण करतो?" उत्तरात आलेला माणूस कर्त्याच्या जागी नसेल, तर वाक्य एकदा फिरवून पाहायचे. अर्थ उजळला, तर तेच ठेवायचे.

त्याचा अर्ज गेला आहे, उत्तर यायचे आहे. दुआ करा.