दोष डोंगराचा नव्हे

डोंगराळ मुलखात छोटे प्रवासी विमान कोसळले की धुक्यावर, पावसावर आणि अखेर नशिबावर खापर फोडून मोकळे होण्याचा प्रघात आहे. महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांवरून उड्डाण करणे म्हणजे जिवाशी खेळ, हे मतही त्यातूनच रूढ झाले असून ते तपासाला टिकत नाही.

4 ऑगस्ट 1979 रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ॲव्ह्रो विमान तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील 45 जण मृत्युमुखी पडले. हवा खराब होती हे खरे. परंतु डोंगर काही त्या रात्री उगवला नव्हता. शिवाय 3 मे 2024 रोजी महाडमध्ये खासगी हेलिकॉप्टर उतरताना कोसळले तेव्हा ऐन उन्हाळा होता. प्राणहानी टळली, पण तेथे पावसाळी धुक्याची सबब चालत नाही.

डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी उपकरणे असूनही अपघात होतात, मग त्यांचा उपयोग काय, असा आक्षेप घेतला जातो. 29 मे 2022 रोजी नेपाळात पोखराहून जोमसोमला जाणारे तारा एअरचे ट्विन ऑटर विमान कोसळून ठाण्यातील एकाच कुटुंबातील चौघांसह 22 जण दगावले. मात्र जमीन जवळ आल्याचे सांगणारी इशारा यंत्रणा दडपून ठेवलेली होती, असे चौकशीत आढळले. अरुंद दरीत हे इशारे सतत वाजून लक्ष विचलित करतात, ही अडचण स्वच्छ हवेत समजण्यासारखी असली, तरी ढगात शिरल्यावर यंत्रणा दडपण्याची तीच सवय घातक ठरते.

जुन्या इशारा यंत्रणेची मर्यादा मान्यच केली पाहिजे, कारण ती रेडिओ लहरींनी विमानाच्या थेट खालचे अंतर मोजत असे. महाड समुद्रसपाटीलगत, तर पोलादपूरच्या पाठीशी महाबळेश्वरचे पठार 1300 मीटरहून उंच. त्यामुळे सावित्रीच्या खोऱ्यातून पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला खालची जमीन दूर भासत असतानाच समोर कडा उभा ठाकतो. 1990 च्या दशकातील सुधारित यंत्रणा साठवलेल्या भूभागाच्या नकाशाशी विमानाचे स्थान ताडून तो कडा आधीच दाखवते.

म्हणून उड्डाणे बंद करणे हा उपाय नव्हे. परिसरातील सर्वांत उंच माथ्याहून पुरेशी वर ठरवलेली किमान सुरक्षित उंची ढगात न मोडणे, इशारा चालू ठेवणे आणि हवा बिघडल्यास माघारी फिरणाऱ्या वैमानिकाला जाब न विचारणे, एवढे पथ्य वैमानिकाने, विमान कंपनीने व प्रवाशांनी आपापल्या परीने पाळले, तर सह्याद्री ओलांडता येतो.