विहिरीचें पाणी आणि खताची गोणी

पाणी नितळ दिसलें व चवीस गोड लागलें म्हणजे तें निर्दोष, अशी आम्हां शेतकऱ्यांची पिढीजात समजूत आहे. ती आतां सोडली पाहिजे. नायट्रेटास रंग नाहीं व वासही नाहीं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या वार्षिक अहवालांत देशांतील ४४० जिल्ह्यांत तें मर्यादेबाहेर आढळल्याचें नमूद आहे. विशेष बाधित म्हणून दाखविलेल्या १५ जिल्ह्यांपैकीं वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगांव व यवतमाळ हे सात आपल्याच प्रांतांतील आहेत.

पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरास ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेल्या पाण्यांत कालविलेलें दूध तान्ह्या मुलास पाजल्यास रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति खुंटते व मूल निळें पडूं शकतें. विहिरीच्या पाण्याशीं या विकाराचा संबंध अमेरिकेंतील आयोवा प्रांताचे डॉ. हंटर कॉमली यांनीं १९४५ सालीं दाखविला. पाणी उकळल्यानें हा दोष जात नाहीं. उलट पाणी आटून तो वाढतो.

कोरडवाहू मुलुखांत हें संकट अधिक कां? पाऊस थोडा, म्हणून क्षार विरळ होत नाहीं. पावसानें ताण दिला कीं पीक खत उचलीत नाहीं, आणि पुढील मोठ्या सरीबरोबर तें खालीं उतरतें. शिवाय तेंच पाणी उपसावें, शेतास द्यावें, आणि झिरपून पुन्हा विहिरींत यावें, असा फेरा चालूच राहतो.

कोणी विचारील, खत न घालतां पिकावें कसें? खत सोडा असें आम्ही म्हणत नाहीं. हिशेब ठेवा म्हणतों. युरियाच्या ४५ किलोच्या गोणींत सुमारें २१ किलो नत्र असतें. त्याचा केवळ चौथा भाग नायट्रेट होऊन खालीं गेला, तरी पांच लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेस पोहोंचेल. म्हणजे आपण दाम मोजून आपलीच विहीर बिघडवितों! उलटपक्षीं, मर्यादेइतकें नायट्रेट असलेल्या पाण्याचें एकंदर १० सेंटिमीटर ओलित दिल्यास एकरास सुमारें ४ किलो नत्र विहिरींतूनच मिळतें. तेवढें खत कमी करण्यास काय हरकत आहे?

दोष एकट्या युरियाचा नव्हे. विहिरीलगतचा उकिरडा, गोठ्याचें मूत्र व शौचाचे खड्डे हेही तितकेच कारण होत. ते दूर न्यावेत. माती तपासून खत दोन-तीन हप्त्यांत, ओल पाहून द्यावें.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. सहकारी संघ खत विकतात आणि त्यांतून त्यांस नफाही होतो. तेव्हां सभासदांच्या विहिरींचें पाणी पावसाळ्यापूर्वीं व नंतर तपासून देण्याचा भार त्यांनींच उचलावा. ज्या घरीं तान्हें मूल आहे, त्या घराची विहीर प्रथम घ्यावी. विहीर वाडवडिलांनीं खणली. तिचें पाणी नातवंडांस पाजण्याजोगें राखणें हें आमचें काम आहे.