फुकटची माया

पापाचा तिटकारा करावा, पाप्याचा करू नये. हे वाक्य आपल्या गोव्यात इगर्जीतल्या शेर्मांवात ऐकू येतं, देवळातल्या कीर्तनात ऐकू येतं, आणि पक्ष बदलून आलेल्या आमदाराच्या गळ्यात हार पडतानाही कुणीतरी ते म्हणतंच. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा पोटभर जेवल्यासारखं समाधान असतं. माझं भांडण वाक्याशी नाही, त्या समाधानाशी आहे.

पुष्कळांना वाटतं हे येशूचं वचन. या शब्दांत ते बायबलात कुठंही नाही. आपल्याकडं ते घरोघरी पोचलं ते गांधीजींच्या आत्मकथेमुळं, आणि तिथंही त्यांनी बजावलं आहे की समजायला सोपं असलं तरी ते आचरणात क्वचितच येतं. कल्पना मात्र फार जुनी. आजच्या अल्जेरियातल्या हिप्पो नगरीचा बिशप संत ऑगस्टिन यानं इ.स. 423 च्या सुमारास एका मठातल्या धर्मभगिनींना पत्र लिहिलं. मठात भांडणं माजली होती, प्रमुख बाई बदला म्हणून गलका चालला होता. त्या पत्रात त्यानं शिस्तीचे नियम घालून दिले आणि ते राबवताना मनात माणसांविषयी प्रेम अन् दुर्गुणांविषयी द्वेष असू द्या, असं सांगितलं.

एवढंच उचलून सगळे मोकळे होतात. त्याच पत्रात शेजारी काय लिहिलंय ते कुणी सांगत नाही. ऑगस्टिन विचारतो, तुमच्यातल्या एकीला अंगावर जखम झाली आणि कापाकापीच्या भीतीनं ती लपवू लागली, तर गप्प राहणं हा क्रूरपणा आणि सांगून टाकणं ही दया नाही का? मग काळजात सडणाऱ्या जखमेचं काय? म्हणून आधी तिला एकांतात समजवा. ऐकलं नाही तर दोघीतिघींसमोर आणा. दोष सिद्ध झाला तर शिक्षा द्या. शिक्षाही नाकारली तर मठाबाहेर काढा, नाहीतर हा रोग इतरांना लागेल. आणि हे सगळं करत असताना तिच्याविषयी माया ठेवा! म्हणजे हा मूळचा उपदेश वैद्याला केलेला आहे, हातात सुरी असलेल्या माणसाला. आपण तो सुरी लपवायला वापरतो.

अमेरिकेतल्या बोस्टनचं प्रकरण आठवा. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाद्रींना तिथल्या धर्मप्रांतानं वर्षानुवर्षं एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवलं, उपचाराला पाठवलं, परत कामावर घेतलं. 2002 च्या जानेवारीत 'बोस्टन ग्लोब'नं ते चव्हाट्यावर आणलं आणि डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना आर्चबिशपपद सोडावं लागलं. 2004 मध्ये त्यांना रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या मोठ्या बॅसिलिकाचं प्रमुखपद मिळालं. पाप्यावर माया म्हणतात ती हीच असेल, तर त्या मुलांच्या वाट्याला काय आलं? आपल्या माणसाचं नाव आलं की क्षमा आठवते. ही फक्त चर्चची रीत आहे असं समजू नका. सासरी जाच करणाऱ्या मुलाची आई आणि संस्थेच्या पैशाला हात लावणाऱ्या खजिनदाराचे मित्र हेच बोलतात.

आता उलटी बाजू. जिथं जखमच नाही तिथं हे वाक्य काय करतं? ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार! गोव्याचं इन्क्विझिशन 1560 मध्ये सुरू झालं आणि मधली चार वर्षं (1774 ते 1778) सोडली तर 1812 पर्यंत चाललं. आत्म्याच्या उद्धारासाठी म्हणून माणसं कोंडली. सुधारत नाहीत असं ज्यांच्याबद्दल ठरलं, त्यांना देहान्त शिक्षेसाठी सरकारच्या हवाली करताना कागदोपत्री दयेची विनंतीही जोडली जाई. ती विनंती मान्य होण्यासाठी नसते, हे दोन्ही बाजूंना पक्कं माहीत असे. आणि गुन्हे कसले? 1736 च्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती घरांच्या आवारात तुळस लावायलाही मनाई होती. तुळशीनं कुणाला जखम केली होती?

हे वाचून खूश होणाऱ्या माझ्या हिंदू वाचकांनी जरा थांबावं. "माणसं चांगली आहेत हो, पण त्यांच्या चालीरीती..." असं म्हणत भाड्याची खोली नाकारणारे आपल्याच वाड्यावर राहतात. आणि समलिंगी मुलाला "तुझ्यावर आमचा जीव आहे, फक्त तुझं हे पटत नाही" असं सांगून लग्नासाठी मुली दाखवणारे आईबाप दोन्ही धर्मांत आहेत. तिथं कुणाचं काय नुकसान झालं ते दाखवा, मग पापाबद्दल बोलू. दाखवता येत नसेल तर तो आपला शिसारा आहे. त्याला धर्माचं नाव कशाला?

योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात सापडलेल्या बाईची गोष्ट आहे. मोशेच्या नियमशास्त्रात अशा वेळी दोघांनाही मृत्युदंड सांगितलाय. लोकांनी आणली ती मात्र एकटी बाई. पुरुष कुठं गेला? येशू आधी दगडवाल्यांना घरी पाठवतो. पुन्हा पाप करू नकोस, हे तो तिला त्यानंतर सांगतो, आसपास कुणी उरलेलं नसताना. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपले उपदेशक दगडवाल्यांच्या रांगेत उभे राहून ते शेवटचं वाक्य तेवढं म्हणतात.

हे जमणारंच नाही, असं मात्र कुणी सांगू नये. इंदूरच्या मराठी मंडळींना उदयनगर ठाऊक असेल. मूळच्या केरळच्या सिस्टर राणी मारिया तिथं गरीब शेतकऱ्यांत काम करत होत्या. बँकेचं कर्ज कसं मिळवायचं ते त्या लोकांना शिकवत. सावकारांना शिव्या घालण्यात त्यांनी वेळ दवडला नाही, लोकांना सावकाराची गरजच पडू नये एवढं पाहिलं. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडं जाणाऱ्या बसमध्ये समंदरसिंग नावाच्या तरुणानं त्यांना भोसकून मारलं. गावातल्या बड्यांनी आपल्याला भरीस घातलं, हे त्यानंच पुढं सांगितलं. बसमधलं कुणीही मध्ये पडलं नाही.

राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही धर्मभगिनी. ती तुरुंगात गेली आणि तिनं बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधली. खून खोटा होता, चूक झाली बिचाऱ्याकडून, असं ती म्हणाली नाही. त्यानं अकरा वर्षं तुरुंगात काढली. त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनीच सह्या केल्या, आणि 2006 मध्ये तो बाहेर आला. एकाच घरातल्या दोघी बहिणी. एकीनं पापाचा बंदोबस्त करताना जीव दिला, दुसरीनं पाप्याला भाऊ मानलं. सेल्मी पॉलनी हे वाक्य म्हटलं तर मी मान खाली घालून ऐकेन. बाकीच्यांनी यात आपलं काय गेलं तेवढं आधी सांगावं.