विमानाचे अभ्यंगस्नान

दिवाळी अंकात विमाने धुण्याविषयी लिहावे लागेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण गेल्या दिवाळीत या एका प्रश्नावरून आमच्या घरात जे महाभारत झाले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्यांच्या घरी दहा ते सत्तर वर्षांच्या दरम्यानचा एखादा मुलगा असेल (पुरुष सत्तरीपर्यंत मुलगाच असतो, हे आमच्या हिचे मत) त्यांना त्यातून थोडा उपयोगही होईल.

आमच्या नातवाला प्लॅस्टिकची मॉडेले जुळवण्याचा नाद आहे. वय वर्षे तेरा. पेटी उघडली की आत चौकटी असतात आणि फांदीला पाने असावीत तसे विमानाचे पंख, चाके, शेपूट त्या चौकटींना लटकलेले असतात. ते कापायचे, कानशीने घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. नाद जुना आहे. इंग्लंडात एअरफिक्स कंपनीने १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचे छोटे किट काढले आणि वुलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकले, तेव्हापासून तर तो घरोघरी गेला. जपानात शिझुओका शहरी तामिया म्हणून कंपनी आहे. ती १९४६ साली लाकडाच्या धंद्यात उतरली होती. मग लाकडी मॉडेले करू लागली आणि पुढे प्लॅस्टिककडे वळली. आता त्या शहराची ओळखच मॉडेलांचे गाव अशी झाली आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत असत. तरुणपणी ते नौदलात विमानांचे कारागीर होते आणि १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’वर होते. नातवामुळे आम्ही सगळेच त्यांना ‘वरचे आजोबा’ म्हणू लागलो. ‘विक्रांत’वरून उडणारी सी हॉक विमाने त्यांच्या हाताखालून गेलेली. ४ डिसेंबर १९७१ ला याच विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली मोडीत गेली. आजोबांनी त्या दिवसांत वर्तमानपत्र उघडणेच सोडले होते, असे त्यांच्या सूनबाई सांगत.

तर हे आजोबा भाऊबीजेनंतर मुलाबरोबर कायमचे बंगळूरला जाणार, असे ठरले. नातवाने मनाशी घेतले की जाण्यापूर्वी त्यांना सी हॉक करून द्यायचे. वाढदिवसाचे साठवलेले पैसे घालून त्याने किट मागवले. मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाचे, म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेसहा इंच. माझ्या एका वितीतही मावेल.

आणि इथे वाद सुरू झाला.

मी कुठेतरी वाचले होते की जुळवण्यापूर्वी सगळे भाग साबणाच्या पाण्याने धुवावेत. रेव्हेल कंपनीच्या सूचनापत्रकात तर तसे छापलेलेच असते: सौम्य साबणाच्या पाण्यात धुवा, हवेवर वाळू द्या, म्हणजे रंग आणि डेकल नीट धरतील. मी हे मोठ्या अधिकाराने सांगितले.

“आजोबा, हल्ली कुणी धूत नाही,” नातू म्हणाला. “ते जुन्या काळी होतं.”

‘जुन्या काळी’ हा शब्द लागायचा तिथे लागला. पण तो गप्प झाला तसा मीही झालो, आणि विमान न धुताच जुळले.

आता यामागचे कारण गृहिणींना माझ्यापेक्षा लवकर कळेल. वड्या थापायच्या असल्या की ताटाला आधी तुपाचा हात लावतात. नाहीतर वडी सुटत नाही. प्लॅस्टिकचेही तसेच आहे. पॉलिस्टायरीनचे दाणे दोनशे अंशांच्या वर तापवून पातळ करतात आणि प्रचंड दाबाने पोलादी साच्यात घुसवतात. थंड झाल्यावर आतल्या खिळ्या चौकटीला ढकलून बाहेर काढतात. ती सहज सुटावी म्हणून साच्याला कधी मेणाचा, कधी सिलिकोनचा हात देतात. हे वंगण भागावर उरले, तर रंग प्लॅस्टिकवर न बसता त्या वंगणावर बसतो. तुपावर रांगोळी काढावी तसा.

पण नातवाच्या म्हणण्यातही तथ्य होते. मोठ्या कारखान्यांतले साचे आरशासारखे घासलेले असतात. त्यांना वंगण फार थोडे लागते, कित्येकदा लागतही नाही. जुनी किटे, छोट्या कारखान्यांत मोजक्या संख्येने निघणारी किटे आणि विशेषतः रेझिनची मॉडेले यांची गोष्ट वेगळी. रेझिन रबराच्या साच्यात ओततात आणि तिथे वंगण सढळ हाताने लावतात. रेझिन न धुता रंगवणे म्हणजे न भाजलेल्या रव्याचा लाडू वळण्यासारखे आहे. त्याबद्दल वादच नाही. वाद आहे तो आपल्या साध्या प्लॅस्टिकबद्दल.

असो. नातवाने पोटाकडची बाजू आधी रंगवली. नौदलाच्या सी हॉकचा रंग वरून गर्द करडा आणि खालून बदकाच्या अंड्यासारखा फिकट हिरवट. तो फिकट रंग दोन दिवस वाळल्यावर त्याने कडेने चिकटपट्टी लावली, वर करडा रंग दिला आणि दुसऱ्या दिवशी पट्टी हळूच सोडवली. पट्टीबरोबर पोटाचा रंगही निघून आला. सापाच्या कातीसारखा, सबंध पापुद्रा.

पोरगा काही बोलला नाही. पट्टी हातात धरून तसाच बसला. दिवाळी दहा दिवसांवर आली होती. मी मात्र बोललो. “तरी मी सांगत होतो!” हे वाक्य जगात आजवर कुणाच्याही उपयोगी पडलेले नाही, पण ते न म्हणण्याइतका संयम माझ्याकडे नाही.

ही स्वयंपाकघरातून आली. चकल्यांचा पहिला घाणा नुकताच निघाला होता. तिने विमान उजेडात धरले, चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाली, “अहो, धुतलं नाही म्हणून गेला म्हणता, मग सगळीकडचा का नाही गेला? शेपटीखाली पट्टी होती, तिथला शाबूत आहे. पंखाच्या टोकांचाही आहे. इथलाच गेलाय.”

तिने दाखवले ते दोन डाग होते. एक पोटावर आणि एक डाव्या पंखाच्या मुळाशी. मी विमान हातात घेतले, तर माझा अंगठा एका डागावर बसला आणि तर्जनी दुसऱ्यावर. विमान धरायची जागाच ती! टेबलावर चिवड्याचा डबा उघडा होता. नातवाने बोटांकडे पाहिले आणि हळूच पँटला पुसली.

संध्याकाळी वरचे आजोबा खाली आले. गोष्ट त्यांच्यापासून लपवायची होती, पण टेबलावर सगळे पसरलेलेच होते. त्यांनी विमान हातात घेतले नाही, नुसते वाकून पाहिले. “जुळवलंस छान,” म्हणाले. “पण लेका, धुण्याचं काय घेऊन बसलात? धुतलं केव्हा हे महत्त्वाचं. आम्ही खरं विमान रंगवायचो ना, तेव्हा आधी सगळं तेल पुसून काढायचं. आणि पुसल्यावर कुणी उघड्या हाताने शिवला, की वरचा माणूस त्याला पुन्हा सगळं पुसायला लावायचा.”

मी जे वाचले होते त्यात हे कुठे नव्हते. जुळवण्याआधी धुतले, तरी पुढचे आठ दिवस ते भाग आपल्याच बोटांखाली असतात. कापताना, घासताना, चिकटवताना. कारखान्यातले तेल गेले, तरी आपले येतेच. बोटांना फराळ नसला तरी घाम असतो आणि डोक्याला तेल लावणाऱ्या घरात तर विचारूच नये.

तरी नातवाचे समाधान होईना. मला ते आवडले. किटात जास्तीचे म्हणून आलेले तीन बॉम्ब होते. एक त्याने आला तसा ठेवला. दुसरा धुतला. तिसरा धुतला आणि आजीच्या संमतीने चकलीच्या हाताने चोळला. तिघांना एकाच बाटलीतला रंग, दोन दिवस वाळवण, मग एकाच रिळाची चिकटपट्टी. धुतलेल्याचा रंग हलला नाही. न धुतलेल्याचाही हलला नाही, फक्त टोकाशी एक टिकली उडाली. चकलीच्या बॉम्बचा निम्मा रंग पट्टीवर आला. तीन बॉम्बांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला कळते. पण आमच्या घरापुरता निकाल लागला आणि तो असा की आम्ही दोघेही चुकलो होतो, नातू थोडा कमी आणि मी थोडा जास्त.

यात रंगाचाही हात आहे. लॅकर जातीचे रंग प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवून त्यात दात रोवतात. त्यांना थोडीशी घाण चालते. तेलाचा इनॅमल रंगही बरा धरतो. पाण्याचे अॅक्रिलिक रंग मात्र नुसते वर बसतात. वासाचा त्रास नाही म्हणून घरात मुलांच्या हाती आपण तेच देतो आणि अस्तर न देता देतो. नातवाने अस्तर दिले नव्हते. अस्तर म्हणजे पहिला प्राइमरचा हात. तो दिला असता तर चिवडा कदाचित पचलाही असता.

मग दुरुस्ती. उखडलेल्या बाजूचा रंग काढायला केमिस्टकडचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरला. पाण्याचा ताजा रंग त्याने सुटतो आणि पॉलिस्टायरीनला इजा होत नाही. नखांचे पॉलिश काढायचे पाणी मात्र चुकूनही वापरू नका. त्यात अॅसिटोन असले तर रंगाबरोबर पंखही विरघळेल. मोठ्या माणसाने शेजारी बसावे, खिडकी उघडी ठेवावी आणि त्या दिवसांत ती बाटली पणत्यांपासून दूर ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

आणि अखेर स्नान झाले. नरकचतुर्दशीला अजून पाच दिवस होते, पण विमानाने आधीच उरकले. आपण तेल लावून मग उटणे लावतो. याला तेल कारखान्यातून आणि चिवड्यातून आधीच लागलेले होते. पाणी नुसते कोमट घेतले. कढत पाण्याने पातळ भाग वाकडे होतात आणि एकदा वाकलेला पंख सरळ करणे हा आयुष्यभराचा उद्योग आहे. भांड्यांच्या पातळ साबणाचे दोनच थेंब. हात मऊ ठेवणारा साबण असतो ना, तो नको. हात मऊ राहावेत म्हणून त्यात जे घालतात तेच आपल्याला काढायचे आहे. मऊ जुना टूथब्रश. बेसिनमध्ये धुवायचे नाही, पातेल्यात धुवायचे. सुटे भाग बेसिनमध्ये धुणाऱ्याला पुढे प्लंबर बोलवावा लागतो. (जुळवण्यापूर्वी धुणारे भाग चौकटीवर असतानाच धुतात ते यासाठीच.) आमच्या इमारतीत कधी बोअरचे पाणी येते. ते वाळले की पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचे पाणी पिण्याच्या फिल्टरमधले. मग पंचावर रात्रभर वाळवण. उन्हात नाही, कारण पापड उन्हात वाकडा झालेला चालतो, विमान नाही.

त्यानंतर विमानाला कुणी शिवायचे नाही, असा वटहुकूम निघाला. पण रंगवायला धरणार कसे? जेट विमानाच्या शेपटीत सहसा भोक असते, तिथे काडी खुपसता येते. सी हॉकची गंमत अशी की त्याच्या इंजिनाचा झोत मागून निघतच नाही. दोन्ही पंखांच्या मुळांशी दोन फाटे काढून बाजूंनी सोडलेला आहे. मागे भोक नाही! शेवटी नाकाच्या चाकाच्या खळग्यात आइस्क्रीमची काडी बसवली. नातवाने औषधाच्या दुकानातले हातमोजे घातले. त्या आठवड्यात तो टेबलाशी बसला की आजी दार लावून घेई आणि फराळाचे डबे माझ्या खोलीत येत. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

आधी अस्तर, मग फिकट रंग, मग पट्टी, मग करडा. पट्टी सोडवण्याच्या दिवशी घरात कुणी बोलत नव्हते. पट्टी कोरीच्या कोरी निघाली. मग केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळांची डेकल पाण्यात सोडवून चढली आणि वर वार्निशचा एक हात.

पाडव्याच्या संध्याकाळी वरचे आजोबा निरोपाला आले. वर सामान बांधून झाले होते. हिने फराळाची बशी पुढे केली. त्यांनी बेसनाचा लाडू अर्धा खाल्ला तोच नातू खोलीतून विमान घेऊन आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग उरलेला लाडू बशीत ठेवून उठले. मला वाटले, मन भरून आले म्हणून आत निघाले.

ते बेसिनशी गेले, साबणाने दोन्ही हात मनगटापर्यंत धुतले, हिने दिलेल्या पंचाला बोट अन् बोट पुसले आणि परत येऊन दोन्ही तळवे पुढे केले.

“आण आता,” म्हणाले.