मेल्यावरही न सुटणारी वेठ

जयपूर : येथील राजमंदिर चित्रपटगृह १९७६ साली सुरू झाले. नामजोशी नावाच्या वास्तुविशारदाने आखलेला हा सिनेमाचा महाल पाहायला परगावचे पाहुणे आजही येतात. त्याच्या समोरून जाताना एका ज्येष्ठ साथींना मी सांगितले की, पुढचा लेख ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटावर लिहीत आहे. चित्रपट चालत्या प्रेतांचा आहे हे कळताच ते थबकले. “महागाई, बेकारी, कामगार संहिता हे विषय संपले काय? भुताखेतांची करमणूक भांडवलदार जनतेला पाजतात. तिच्यावर आपली पाने कशाला खर्ची घालायची?” असा त्यांचा सवाल होता.

हा आक्षेप एकट्या त्यांचा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो असतो आणि तो प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याला उत्तर देणे भाग आहे. लोकांनी कशाला भ्यावे हे शिकवण्याचे काम सत्ताधारी वर्ग नेहमीच करीत आला आहे. भीतीचे हे शिक्षण आज पडद्यावरून दिले जाते. तेव्हा त्या पडद्याकडे पाठ फिरवणे म्हणजे एक मोर्चा लढल्याविना सोडून देणे होय.

भूत मालकाचे, प्रेत वेठबिगाराचे

अनुवादाचे काम करणाऱ्याला ‘झोंबी’ या शब्दासाठी मराठी प्रतिशब्द सापडत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे भुतांची वाण नाही. परंतु ब्रह्मराक्षस हा ब्राह्मणाचा, मुंजा हा मुंज झालेल्या आणि लग्नाआधी मेलेल्या मुलाचा, समंध हा धनावर किंवा वाड्यावर जीव अडकलेल्याचा. आपल्या भुतांना जात आहे, मालमत्ता आहे, अपुरी राहिलेली वासना आहे. झोंबीला यातले काहीच नाही. त्याला नावसुद्धा नाही.

याचे मूळ हैतीच्या उसाच्या मळ्यांत आहे. फ्रेंच वसाहतवाद्यांनी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना तेथे मरेपर्यंत राबवले जाई. मरण ही त्या माणसांची एकमेव सुटका होती. ती सुटकाही मालकाने हिरावली तर? प्रेताला उठवून पुन्हा उसाच्या फडात जुंपले तर? या धास्तीतून झोंबीची कल्पना वाढली. त्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केले आणि १८०४ मध्ये स्वतंत्र हैती उभे केले, हा इतिहास झोंबीचे चित्रपट काढणारे क्वचितच सांगतात.

राजस्थानच्या साथींना ही कल्पना परकी वाटू नये. येथील सागडी प्रथेत बापाच्या कर्जापोटी मुलाला सावकाराच्या शेतात राबावे लागे. ती बंद करण्याचा कायदा १९६१ मध्ये झाला आणि वेठबिगारीविरुद्ध देशव्यापी कायदा १९७६ मध्ये, म्हणजे राजमंदिर उघडले त्याच वर्षी. माणूस मेला तरी वेठ मरत नाही, ही या प्रथेतली वस्तुस्थिती होती. ती भयकथा कुणा लेखकाने रचलेली नव्हती.

भीतीची दिशा कुणी फिरवली?

अमेरिकेने १९१५ ते १९३४ या काळात हैतीवर लष्करी ताबा ठेवला. त्याच काळात झोंबी हॉलिवूडला पोहोचला. १९३२ च्या ‘व्हाइट झोंबी’त साखर कारखान्याच्या चरकावर प्रेते राबताना दिसतात. तेथे निदान मालक तरी दिसतो. पुढे मालक दिसेनासा झाला आणि फक्त प्रेतांची झुंड उरली. २०१३ च्या ‘वर्ल्ड वॉर झेड’वर सुमारे १९ कोटी डॉलर खर्च झाले. त्यात जेरुसलेमच्या भिंतीबाहेर प्रेतांचा लोंढा येतो, एकमेकांवर चढून भिंत ओलांडतो, आणि आकाशातून सैनिक त्याच्यावर गोळ्या झाडतात. प्रेक्षक भिंतीच्या आतल्यांच्या बाजूने श्वास रोखून बसतो. बाहेरची गर्दी म्हणजे रोग आणि तिला उत्तर एकच, गोळी, हा धडा त्याला तिकिटाचे पैसे देऊन मिळतो. मळ्यात राबणाऱ्याची भीती अशा रीतीने मालकाची भीती होऊन बसली.

आपल्याकडील भयपटाची गत वेगळी नव्हती. रामसे बंधूंनी १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ अत्यंत काटकसरीने, महाबळेश्वरला मुक्काम ठोकून काढला. त्या धडपडीचे कौतुक जरूर करावे. परंतु पुढे तीच हवेली, तोच तांत्रिक, तोच ठाकूर अशी घासून गुळगुळीत झालेली मालिका सुरू झाली. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये शाप लागतो तो राजघराण्याला, आणि अश्रू ढाळायचे तेही त्याच घराण्यासाठी! हा प्रकार थकला तो कल्पना एकाच वर्गाच्या अंगणात घोटाळत राहिल्यामुळे.

या प्रकाराला पुन्हा पुन्हा जीवदान दिले ते कमी पैशांतल्या चित्रपटांनी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या पिट्सबर्गच्या मित्रांनी १९६८ मध्ये लाखभर डॉलरच्या आसपास खर्चून ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा कृष्णधवल चित्रपट काढला. त्यातला कृष्णवर्णीय नायक रात्रभर प्रेतांशी झुंजतो. सकाळी बंदूकधारी गोऱ्यांची टोळी येते आणि त्यालाच प्रेत समजून गोळी घालते. वर्णद्वेषाने पेटलेल्या त्या वर्षातल्या प्रेक्षकाला भ्यायचे कुणाला हे सांगावे लागले नसेल. जपानमध्ये २०१७ साली ‘वन कट ऑफ द डेड’ केवळ तीस लाख येनमध्ये तयार झाला. त्याचा उत्तरार्ध पाहा: प्रेते मागे पडतात आणि पडद्यामागे घाम गाळणारी चित्रपट कामगारांची तुकडी पुढे येते. मोठे भांडवल नसेल तेथे देखाव्याची चैन परवडत नाही, म्हणून माणसांमधल्या संबंधांकडे पाहावे लागते. जुन्या प्रकारात नवा प्राण येतो तो तेथून.

डोंबिवलीची माती

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. मराठी चित्रपटाला जेवढे भांडवल मिळते त्याच्याच मर्यादेत तो बनला. गोष्ट साधी आहे. सुधीर हा इंजिनिअर आपल्या गरोदर पत्नीसह, सीमासह, डोंबिवलीच्या उंच इमारतीत राहायला येतो. शेजारी जनतानगर ही झोपडवस्ती आणि तिचा पुढारी विश्वास. पाण्याचा प्रश्न आणि टॉवर-वस्ती यांच्यामधली भिंत कथेत सुरुवातीपासून आहे. प्रेते उठतात तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंच्यांना एकमेकांचा आधार घ्यावा लागतो. ‘वर्ल्ड वॉर झेड’मध्ये भिंत वाचवायची असते, येथे भिंतच अडचण ठरते. हा फरक लहान नाही.

डोंबिवलीची निवड अचूक आहे. रासायनिक कारखान्यांच्या या शहरात २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी तेथील कारखान्यांत स्फोट होऊन दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे ठार झाली. ज्या गावात हवा, पाणी आणि कामावरची पाळी यांतून मरण येते, तेथे प्रेतांचे उठणे प्रेक्षकाला परक्या देशातले वाटत नाही. मराठी माणूस या चित्रपटाला हसला, कारण त्याने त्यात आपली चाळ आणि आपला नळ ओळखला.

चित्रपट कुठे थांबतो?

तरीही आंधळी स्तुती करण्याचे कारण नाही. ‘झोंबिवली’ची निर्मिती सारेगामा या बड्या कंपनीच्या शाखेने केली आहे, आणि तिच्या मर्यादा चित्रपटात उतरल्या आहेत. कथेचा डोळा प्रामुख्याने इंजिनिअरचा राहतो. वस्ती त्याच्या जागृतीचे निमित्त ठरते. रसायनांच्या पिंपांशी रोज झुंजणारा कामगार प्रमुख पात्रांत नाही. दोष व्यवस्थेपेक्षा माणसांच्या वाट्याला अधिक येतो, आणि संकटातली एकी संकट संपल्यावर टिकेल काय, हा प्रश्न विनोदात विरून जातो. ज्या साथींना हे खटकते त्यांनी जरूर टीका करावी. पण टीका करायची तर आधी चित्रपट पाहावा लागतो!

हा वाद आम्ही लावून धरतो त्यामागे एक आठवण आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि लाखो कामगार शहरांतून पायी निघाले. बरेलीला रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्यात आले. ८ मे २०२० रोजी जालन्याहून गावी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. त्या दिवसांत अनेक गृहसंकुलांनी फाटके बंद केली आणि कालपर्यंत घरात भांडी घासणारी बाई आज रोगाची वाहक ठरली. चालणारी गर्दी म्हणजे संसर्ग, हे या माणसांना कुणी शिकवले? प्रचाराची पत्रके वाचून ते शिकलेले नव्हते. ती नजर वर्षानुवर्षे घडवली गेली होती, आणि तिच्या घडणीत पडद्याचा वाटा आहे.

आमच्या ज्येष्ठ साथींना म्हणूनच आमचे उत्तर असे आहे. कामगार संहितेवर लिहिलेच पाहिजे. परंतु ती ज्याच्यावर लादली जाते तो कामगार संध्याकाळी मोबाइलवर असलेच चित्रपट पाहतो. त्यात त्याला त्याचीच भीती घातली जात असेल तर ते त्याला सांगणे हे आपले काम आहे. एखादा थोड्या पैशांतला मराठी चित्रपट ती भीती अर्धीमुर्धी का होईना उलट फिरवीत असेल, तर त्याची दखल घेणे, त्याची उणीव दाखवणे आणि उरलेल्या अर्ध्याची मागणी करणे हेही आपलेच काम आहे.

हैतीच्या गुलामाला प्रेताचे भय नव्हते. मेल्यावरही मळ्यात परत नेणाऱ्या मालकाचे भय होते. ही साधी गोष्ट वस्तीवस्तीतल्या प्रेक्षकाला पुन्हा आठवली पाहिजे.