मर्यादित काळासाठी



दिवाळीची सुट्टी जवळ आली की परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेडच्या बाजारपेठांत जशी लगबग सुरू होते, तशीच ती मुलांच्या मोबाइलमधील खेळांतही सुरू होते. एरवीच्या खेळात एकाएकी पणत्या उजळतात, आकाशकंदील टांगले जातात आणि रोज हजेरी लावणाऱ्यास रोज एक भेट मिळू लागते. मुले यास ‘इव्हेंट’ म्हणतात. ठरलेल्या दिवशी तो संपतो व न मिळवलेली भेट हातची जाते. म्हणूनच ऐन जेवणाच्या वेळी ‘पाचच मिनिटे’ ही विनवणी घरोघरी ऐकू येते आणि सणाच्या दिवसांत रुसवेफुगवे होतात.

या इव्हेंटमध्ये आनंद आहे, हे प्रथम मान्य करावे. वर्षाच्या ठरावीक दिवसांत येणारी गोष्ट अधिक गोड लागते. आपले सणही याच न्यायाने गोड लागतात. ‘पोकेमॉन गो’ या खेळाचे उदाहरण घ्या. जुलै २०१६ मध्ये तो परदेशांत आला. तो भारतात अधिकृतपणे येण्यापूर्वीच त्यातील अंडी मंदिरांच्या ठिकाणी दिसतात आणि त्यामुळे हिंदू व जैन समाजाच्या भावना दुखावतात, अशी याचिका गुजरात उच्च न्यायालयात दाखल झाली व न्यायालयाने नोटिसाही काढल्या. तो आक्षेप आपल्यापैकी अनेकांस आजही पटेल. मात्र त्याच खेळाने मुलांना खुर्चीवरून उठवून रस्त्यावर चालते केले, हेही खरे. २०१८ पासून त्यात दरमहा काही तासांचा एक विशेष दिवस असतो आणि त्यासाठी अनेक देशांत माणसे बागांतून एकत्र फिरतात. तेव्हा सरसकट ‘मोबाइल वाईट’ असे न म्हणता, कोणत्या खेळात काय आहे हे पालकांनी स्वतः पाहणे उचित.

पाहण्याची ही दृष्टी व्यापारी कुटुंबांना वेगळी शिकावी लागत नाही. ‘मर्यादित काळासाठी’ ही पाटी आपण स्वतः दुकानावर लावत आलो आहोत. ग्राहकाने आजच यावे, उद्यावर ढकलू नये, एवढाच तिचा अर्थ. रोजची फुकट भेट ही रोज दुकानात पाऊल पडावे म्हणून असते. खेळांत आणखी एक युक्ती असते. आधी रुपयांचे हिरे किंवा नाणी करायची आणि मग प्रत्येक वस्तूची किंमत हिऱ्यांत सांगायची. पाच हिरे म्हणजे किती रुपये, याचा हिशेब मुलाच्या मनातून निसटतो. आपल्या पणजोबांच्या काळी निजामाच्या राज्यात ‘हाली’ आणि ब्रिटिशांचा ‘कलदार’ असे दोन रुपये चालत. साधारण सात हालींना सहा कलदार असा भाव असे. दोन चलनांत व्यवहार करणारा व्यापारी भाव विसरला तर त्याचा व्यापार टिकता ना. मुलाला जवळ बसवून हिऱ्यांचा भाव वहीत लिहायला लावावा. दटावणीने जे साधत नाही, ते पुष्कळदा या एका जमाखर्चाने साधते.

पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली आहे. करमणुकीचे खेळ त्या बंदीत येत नाहीत. त्यांची मर्यादा घरानेच ठरवावयाची आहे.

परंतु मोबाइल काढून घेतल्यावर रिकाम्या झालेल्या हातांत काय द्यावे? आमची सूचना आहे माहितीच्या चित्रपुस्तकांची. १६५८ मध्ये कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी सचित्र पुस्तक काढले. त्यात वर चित्र आणि खाली त्या वस्तूंची नावे व माहिती होती. जग आधी डोळ्यांना दाखवावे, मग शब्द द्यावा, हे त्याचे सूत्र आजही जुने झालेले नाही.

आमच्या आवडीची तीन पुस्तके सांगतो. माधुरी पुरंदरे यांच्या ‘चित्रवाचन’ या ज्योत्स्ना प्रकाशनाच्या पुस्तकात चित्र हेच वाचायचे असते. अक्षरओळख नसलेले बालकही आजीच्या मांडीवर बसून ते वाचू शकते. राजीव आइप यांच्या ‘अम्माचीज अमेझिंग मशीन्स’मध्ये आजी व नातू नारळाची बर्फी करता करता तरफ, कप्पी, उतरण अशी साधी यंत्रे वापरतात. आडतीवर पोती चढवताना पाहणाऱ्या मुलास ती लगेच ओळखीची वाटतील. तिसरे रूपा पै यांचे ‘हाउ ओल्ड इज मुत्तज्जी?’. कन्नडमध्ये मुत्तज्जी म्हणजे पणजी. तिचे वय कोणालाच नक्की ठाऊक नसते. तिच्या आठवणींतील घटना इतिहासाशी पडताळून जुळी पणतवंडे ते शोधून काढतात. शेवटची दोन पुस्तके प्रथम बुक्सची असून ती ‘स्टोरीवीव्हर’ या त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तेथे मराठी पुस्तकेही विपुल आहेत.

या तिसऱ्या पुस्तकावरून एक घरचा इव्हेंट सुचतो. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत रोज एक प्रश्न मुलाने घरातील ज्येष्ठांस विचारावा आणि उत्तर चित्र काढून वहीत नोंदवावे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, तेव्हा आपले दुकान कोठे होते? १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा हिशेब कसा बदलला? १९७२ च्या दुष्काळात घरात काय शिजत असे? परभणीचे कृषी विद्यापीठ त्याच वर्षी स्थापन झाले, ते कोणास आठवते? १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा बाबा कितवीत होते? माळ्यावर जुनी वही असेल तर तीही उतरवून दाखवावी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीचे पूजन होताना जुन्या वहीत काय लिहिले आहे, हे मुलास कळलेले असावे.

मुलाला खेळ पूर्ण सोडावयास लावू नये. दिवसाचा अर्धा तास खेळास द्यावा आणि दिलेला अर्धा तास कुरकुर न करता द्यावा. खेळातले दिवे पुढील दिवाळीत पुन्हा लागतील; बनवणाऱ्यांचा धंदाच तो आहे. परंतु १९४८ साली दहा वर्षांची असलेली आजी आज सत्त्याऐंशीच्या पुढे आहे. तिच्याजवळ जे आहे, ते खरोखरच मर्यादित काळासाठी आहे. या सुट्टीत तेवढे पदरात पाडून घ्यावे, ही विनंती.