देशभक्तीला एकच साचा कशाला?

आपल्याकडे एक युक्तिवाद हल्ली फार ठामपणे मांडला जातो. शाळेत आधी एकच इतिहास आणि एकच संस्कृती शिकवा; तांड्याची बोली, उर्दू शाळा, दर्ग्याचा उरूस हे सगळे नंतर बघू. वेगळेपण शिकवले की मुलांत फूट पडते आणि देशप्रेम पातळ होते, असे हे म्हणणे. फाळणी सोसलेल्या देशात ही काळजी खोटी नाही. तिच्यावरचा उपाय मात्र चुकीचा आहे, आणि ते सांगायला धाराशिव जिल्ह्याचा इतिहासच पुरेसा आहे.

एकाच साच्याचा प्रयोग आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात भोगला आहे. प्रजेत बहुसंख्य तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे. पण कारभार उर्दूत आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूत. त्यातून राज्याबद्दल निष्ठा उपजली का? 1938 साली त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्यावरची बंदी झुगारली आणि नावे काढून टाकली तरी माघार घेतली नाही. निष्ठा हुकुमाने येत नाही, हा आपला स्वतःचा अनुभव आहे.

मग देशभक्ती घडली कुठे? लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या ठिकाणी. स्वामी रामानंद तीर्थ या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचा जन्म विजापूरकडच्या सिंदगीचा, शिकवले मराठी मुलखात आणि नेतृत्व केले तीन भाषांच्या जनतेचे. निजामाच्या राजवटीतून मुक्त होऊन भारतात येण्याच्या या लढ्यात प्रत्येकाने आपापल्या भाषेतच भारत मागितला. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू घेतली, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. उर्दू म्हटली की संशय घेणाऱ्यांनी या माणसाला कोणत्या बाजूला बसवायचे ते सांगावे.

देशप्रेम विरुद्ध वेगळेपण हे द्वैत संविधानालाही मान्य नाही. ध्वज आणि राष्ट्रगीताचा मान राखणे हे मूलभूत कर्तव्य ज्या 51-क अनुच्छेदात आहे, त्याच अनुच्छेदात संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हेही कर्तव्य आहे. मुले रोज म्हणतात ती प्रतिज्ञा 1962 साली पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. ते नलगोंडा जिल्ह्यातले, म्हणजे आपल्यासारखेच जुन्या हैदराबाद संस्थानातले.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. 26 जानेवारीला कुणाला पंजाबी फेटा, कुणाला बंजारा घागरा घालून फोटो काढायचे, याला बहुसांस्कृतिक शिक्षण म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी तांड्यावरचे पोर वर्गात आईला ‘याडी’ म्हणते, वर्ग फिदीफिदी हसतो आणि गुरुजी खडू उचलून पुढचा धडा सुरू करतात. ते पोर त्या दिवसापासून मागच्या बाकावर गप्प बसायला शिकते. देश आपला आहे असे त्याला कशावरून वाटावे?

खरे शिक्षण खर्चिक नाही. मुलांना एक दिवस तेरला न्या. संत गोरोबाकाकांची समाधी दाखवा. मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात ते त्रिविक्रमाचे मंदिर दाखवा. रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा संग्रहालयात दाखवा. मग धाराशिवची जैन लेणी, ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा दर्गा आणि नळदुर्गात आदिलशाहीने बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल. हे सगळे माझ्या जिल्ह्याचे, म्हणून माझे, हे ज्या मुलाला कळते त्याला देशावर प्रेम करा असे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि 1948 पूर्ण शिकवा. निजामाची सत्ता टिकवण्यासाठी लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार नावानिशी सांगा. संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर याच जिल्ह्यातल्या निरपराध मुसलमानांवर जे ओढवले, त्याची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने जे नोंदवले, तेही सांगा. अर्धा इतिहास शिकलेले मूल शेजाऱ्याकडे संशयाने बघते. पूर्ण इतिहास शिकलेल्या मुलाला अन्याय कुणावरही झाला तरी तो अन्यायच, हे समजते. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यातल्या शाळांत झेंडा चढतो, तो ज्या मुक्तीसाठी, तिचा अर्थ हाच आहे. तो वर्गात शिकवण्याची जबाबदारी आपली, आणि ती टाळणे ही देशभक्ती नव्हे.